रायफलवरचा स्वस्त स्कोप : घेण्याआधी काय तपासायचं आणि त्याने शिकार करता येते का?

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकावलं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधवांनी पदक जिंकलं होतं. त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं.

त्या सामन्याचा व्हिडिओ नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. स्वप्नीलच्या रायफलवर दुर्बीण नाही. ५० मीटरवरच्या लक्ष्याचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलीमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. तरीही तिथे दूरचं जवळ दाखवणारं काहीही नसतं.

दुसरीकडे, ऑनलाइन बाजारात काही हजार रुपयांना मिळणारे रायफल स्कोप जोरात विकले जातात. जाहिरातीत हरीण असतं, 'हंटिंग स्कोप' असं नाव असतं आणि खाली परदेशातल्या शिकाऱ्यांनी दिलेले पाच-पाच तारे असतात. ज्या कोल्हापूरने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे घडवले, तिथल्या एअर रायफल घेतलेल्या पोरालाही साहजिकच प्रश्न पडतो, हा स्कोप घ्यावा का? आणि चांगला की वाईट, हे ओळखायचं कसं?

ऑलिम्पिकमध्ये स्कोप का चालत नाही?

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत भिंगांची दुर्बीण रायफलवर बसवता येत नाही. तिथे 'पीप साइट' वापरतात. मागे डोळ्याजवळ एक बारीक छिद्र असतं आणि नळीच्या टोकाला एक कडी. छिद्रातून कडी दिसते आणि कडीत लक्ष्याचा काळा गोल. वर्तुळात वर्तुळ बसवणं माणसाच्या डोळ्याला सहज जमतं, त्यामुळे भिंगाशिवायही अचूक नेम धरता येतो.

स्कोपला नेमबाजीत जागाच नाही, असं मात्र नाही. सरकत्या लक्ष्यावर नेम धरायच्या 'रनिंग टार्गेट' प्रकारात तो चालतो. 'फील्ड टार्गेट' हा एअर रायफलचा खेळ तर स्कोपवरच खेळतात. शिवाय छंद म्हणून कागदावर किंवा डब्यावर नेम धरणारे अनेक जण स्कोप लावतात. पण दहा मीटर एअर रायफलमध्ये स्पर्धा खेळायची असेल तर पैसे स्कोपवर घालण्यात अर्थ नाही. तिथे ओपन साइट किंवा पीप साइटचाच सराव लागतो.

मग शिकारीसाठी?

भारतात याचं उत्तर सरळ आहे : नाही.

कोल्हापूरला शिकारीचा मोठा इतिहास आहे. संस्थानाच्या काळात इथे चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरवण्याचा षौक होता, त्यासाठी आफ्रिकेतूनही चित्ते आणले जात. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात त्या काळातले पेंढा भरलेले प्राणी आजही दिसतात. दाजीपूरचं जंगल हे संस्थानाचं शिकारीचं राखीव रान होतं. पण १९५८ मध्ये तिथेच गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि पुढे ते राधानगरी अभयारण्य म्हणून वाढलं. एकेकाळच्या शिकारखान्याचं महाराष्ट्रातलं सर्वात जुनं अभयारण्य झालं.

देशपातळीवर १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा आहे आणि त्यानुसार आज छंद म्हणून शिकार करता येत नाही. या कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ बराच मोठा आहे. प्राणी मारणं तर आलंच, पण जखमी करणं, सापळा लावणं, विष घालणं, पक्ष्याची अंडी किंवा घरटं नष्ट करणं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे तितरावर छर्रा झाडला आणि तो चुकला, तरी गुन्हा होऊ शकतो.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षाही वाढली. साधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गव्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार किंवा अभयारण्यात केलेली शिकार असेल तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. गुन्ह्यात वापरलेलं हत्यार जप्त होतं ते वेगळंच.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे : 'एअरगनला परवाना लागत नाही, मग तिने पाखरं मारली तर काय?' परवाना हा शस्त्र कायद्याचा विषय आहे आणि शिकार हा वन्यजीव कायद्याचा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलीमीटरपेक्षा जास्त व्यास किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागतो. त्याखालच्या रायफलला सूट आहे. पण ती सूट रायफल बाळगण्याची आहे. वन्यजीव कायदा हत्यार कोणतं हे बघत नाही, बेचकीने मारलं तरी तो लागू होतो.

रानडुकरं ऊस आणि भात खातात, त्याचं काय?

शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, भुदरगड, गगनबावडा या पट्ट्यात हा प्रश्न खरा आहे. रात्रीत उभं पीक जातं. गवे उसात उतरतात. शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे.

पण त्यावरचा मार्ग वन विभागातून जातो. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराबाबत अधिकृत वनाधिकारी कायद्यानुसार लेखी परवानगी देऊ शकतो. ती नसेल तर मारणं म्हणजे शिकारच. नुकसान झालं की वन विभागाला कळवून पंचनामा करून घेणं आणि भरपाईचा अर्ज करणं हा दुसरा मार्ग. गव्याच्या बाबतीत तर स्वतः काही करण्याचा विचारही नको.

यात स्कोपचा उपयोग किती? पीक संरक्षणासाठी शस्त्र कायद्यात ज्या बंदुकीचा उल्लेख आहे ती ठासणीची बंदूक. तिची नळी आतून गुळगुळीत असते, रायफलसारख्या पिळदार खाचा तिला नसतात. अशा बंदुकीचा मारा इतका विस्कटतो की वर कितीही भारी काच बसवली तरी फरक पडत नाही. आणि एअर रायफलच्या छर्र्याने रानडुक्कर मरत नाही, ते जखमी होऊन पिसाळतं. मग ते त्याच रानातून दुसऱ्या दिवशी वैरणीला जाणाऱ्या कुणाच्या तरी अंगावर येतं.

थोडक्यात, इथे स्कोपची जागा कागदी लक्ष्यावर आहे. त्यामुळे तो तपासायची पद्धतही परदेशी शिकाऱ्याच्या परीक्षणापेक्षा वेगळी असायला हवी.

४×३२ आणि ३-९×४० म्हणजे काय?

पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये. ४×३२ मध्ये लक्ष्य कायम चार पट मोठं दिसतं. ३-९×४० मध्ये तीन ते नऊ पट बदलता येतं.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी कळते. ४×३२ मध्ये ती ८ मिलीमीटर आहे. ३-९×४० नऊ पटीवर ठेवला तर ती सुमारे साडेचार मिलीमीटरवर येते. माणसाची बाहुली अंधारात साधारण ७ मिलीमीटरपर्यंत उघडते. म्हणून संध्याकाळी नऊ पटीवरचं चित्र काळवंडतं आणि साधा ४×३२ जास्त उजळ वाटतो.

जास्त पट म्हणजे जास्त अचूक, हा दुसरा गैरसमज. नऊ पटीवर लक्ष्य मोठं दिसतं तसा हाताचा थरथराटही नऊ पट दिसतो. नवशिका मग रेषा ठिपक्यावर आली की घाईने चाप ओढतो आणि छर्रा बाजूला जातो.

परदेशात चांगला ठरलेला स्कोप इथे का फसतो?

दोन कारणं आहेत आणि दोन्ही महत्त्वाची आहेत.

पहिलं कारण धक्क्याचं. बारुदाची रायफल झाडली की मागे ढकलते. शिकारीचे स्कोप हा मागचा धक्का सोसायला बनवलेले असतात. आपल्याकडे सर्वात जास्त विकली जाणारी स्प्रिंगची एअर रायफल दोनदा हिसका देते. स्प्रिंग सुटून दट्ट्या पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते आणि दट्ट्या पुढे जाऊन थांबतो तेव्हा रायफल पुढे झटकते. हा उलटा हिसका स्वस्त स्कोपच्या आतले भाग सैल करतो. जो स्कोप मोठ्या रायफलवर वर्षानुवर्षं टिकतो, तो स्प्रिंगच्या एअर रायफलवर काही दिवसांत बिघडू शकतो. म्हणून खोक्यावर 'स्प्रिंग एअर रायफलसाठी' असं स्पष्ट लिहिलंय का, हे आधी बघावं. हवा भरून चालणाऱ्या पीसीपी रायफलला हा त्रास जवळजवळ नसतो.

दुसरं कारण पॅरलॅक्स. बसच्या खिडकीतून बघताना मान हलवली की जवळचा खांब मागच्या डोंगरावर सरकताना दिसतो, तसंच हे. स्कोपमधल्या रेषा आणि लक्ष्याचं चित्र एकाच प्रतलात नसतील तर डोळा थोडा हलला तरी रेषा लक्ष्यावरून सरकतात. शिकारीच्या बहुतेक स्वस्त स्कोपमध्ये हे जुळणं १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर पक्कं केलेलं असतं. आपण मारणार १० किंवा २५ मीटरवर. ३२ मिलीमीटर भिंगाच्या अशा स्कोपमधून १० मीटरवर डोळा अगदी कडेला गेला तर चूक गणिताने सुमारे १४ मिलीमीटरपर्यंत जाऊ शकते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो, म्हणजे ही चूक किती मोठी ते कळेल. यावर उपाय म्हणजे पुढचं भिंग फिरवून अंतर जुळवता येणारा, 'एओ' लिहिलेला स्कोप.

तपासायचं कसं?

चांगल्या स्कोपची ओळख काचेच्या चकाकीवरून होत नाही. आज जिथे नेम जुळवला तो उद्याही तिथेच राहतो का आणि जेवढं फिरवलं तेवढंच तो सरकतो का, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. तपासणी पुढील क्रमाने केली तर चूक रायफलची की स्कोपची, हेही कळतं.

१. आधी माउंट. बहुतेक वेळा दोष स्कोपचा नसतो, त्याला धरणाऱ्या कड्यांचा असतो. स्क्रू समान आवळावेत. मग कडीच्या मागे स्कोपच्या नळीवर नेलपॉलिशची बारीक रेघ मारावी. वीस-पंचवीस छर्रे झाडल्यावर रेघ आणि कडी यांच्यात फट दिसली किंवा रेघ कडीखाली गेली तर स्कोप घसरतोय. तोवर बाकीच्या तपासण्यांना अर्थ नाही.

२. डोळ्याची परीक्षा. रिकामी रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवावी. हात न लावता फक्त डोकं डावी-उजवीकडे, वर-खाली हलवावं. नेहमीच्या अंतरावरच्या ठिपक्यावरून रेषा किती सरकतात ते बघावं. जवळजवळ स्थिर राहिल्या तर पॅरलॅक्स जुळलेला आहे. रेषा ठिपका सोडून पळत असतील तर हा स्कोप त्या अंतरासाठी नाही.

३. क्लिकची मोजणी, एकही छर्रा न झाडता. स्कोपच्या वरची आणि बाजूची चकती फिरवली की 'टक टक' आवाज येतो. बहुतेक स्वस्त स्कोपवर एक क्लिक म्हणजे पाव मिनिट लिहिलेलं असतं. इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे २.९ सेंटीमीटर. म्हणून २५ मीटरवर एक क्लिक सुमारे १.८ मिलीमीटरचा होतो आणि ४० क्लिक ७.३ सेंटीमीटरचे.

आता २५ मीटरवर आलेखाचा मोठा कागद लावावा. रायफल शिकंजात किंवा पिशव्यांत हलणार नाही अशी बसवावी. रेषा कुठे आहेत ते टिपून ४० क्लिक फिरवावेत. रेषा ७.३ सेंटीमीटरच्या आसपास सरकल्या पाहिजेत. चकतीवर 'वर' लिहिलेलं असेल तर रेषा खाली सरकताना दिसतात, त्यात गोंधळून जाऊ नये. मग ४० क्लिक उलटे फिरवावेत. रेषा बरोबर जुन्या जागी आल्या का? सात ऐवजी साडेसहा सेंटीमीटर सरकल्या तरी एक वेळ चालेल, दर वेळी तेवढ्याच सरकल्या तर हिशेब बसवता येतो. पण परत जागेवर न येणारा स्कोप घेऊन काहीच करता येत नाही.

४. चौकोनाची परीक्षा. ही क्लबच्या रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करावी. कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजने अनेक नेमबाज घडवलेत. गच्चीवर किंवा गल्लीत छर्रे झाडणं धोक्याचं आहे, भिंतीवरून उडालेला छर्रा डोळा घालवू शकतो.

एकाच ठिपक्यावर नेम धरून पाच छर्रे मारावेत. मग ४० क्लिक उजवीकडे आणि पुन्हा पाच. मग ४० खाली, ४० डावीकडे, ४० वर आणि दर वेळी पाच-पाच. नेम मात्र शेवटपर्यंत त्याच पहिल्या ठिपक्यावर. कागदावर चार कोपऱ्यांचा चौकोन तयार होतो. शेवटचे पाच छर्रे पहिल्या पाचांवर पडले पाहिजेत. चौकोन तिरका आला तर बहुधा स्कोप बसवताना तिरका बसलाय. शेवटचे छर्रे भलतीकडे गेले तर चकतीची आतली यंत्रणा कच्ची आहे.

इथे छर्रे बदलू नयेत. वेगळ्या कंपनीचा किंवा वजनाचा छर्रा वेगळ्या जागी पडतो आणि दोष स्कोपच्या माथी येतो.

५. टिकाऊपणा. नेम जुळवून कागदावर तारीख, अंतर आणि छर्र्याचं नाव लिहून ठेवावं. चकतीला हात न लावता दोनेकशे छर्रे झाडावेत. मधे रायफल पिशवीत घालून गाडीवरून नेण्या-आणण्यात जो हादरा बसेल तो बसू द्यावा. आठवड्याने त्याच अंतरावर, त्याच छर्र्याने पाच मारावेत. जुना आणि नवा कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरला की निकाल समोर येतो.

६. पावसाची परीक्षा. गगनबावड्याच्या बाजूला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. चांगल्या स्कोपच्या आत नायट्रोजनसारखा कोरडा वायू भरून तो बंद केलेला असतो, म्हणून आतून धुकं धरत नाही. कंपनीने 'वॉटरप्रूफ' असा दावा केला असेल तरच तो कोमट पाण्याच्या बादलीत काही मिनिटं बुडवून बघावा. बुडबुडे निघाले तर दावा खोटा. नंतर थंड खोलीतून बाहेर आणल्यावर भिंगाच्या आतल्या बाजूला वाफ दिसली तरी तेच.

नेम जुळवूनही छर्रा खाली का पडतो?

सगळ्या परीक्षांत पास झालेल्या स्कोपबाबतही ही तक्रार येते. कारण स्कोप नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर बसतो. नजर सरळ जाते, छर्रा मात्र नळीतून सुटल्या क्षणापासून खाली येऊ लागतो. सेकंदाला सरासरी १७० मीटर वेग धरला तर २५ मीटर जायला त्याला सुमारे ०.१५ सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो १० सेंटीमीटरच्या आसपास खाली येतो. नेम जुळवणं म्हणजे नळी किंचित वर करून हा फरक भरून काढणं. त्यामुळे २५ मीटरवर जुळवलेला नेम १० मीटरवर बरोबर लागेलच असं नाही. यात स्कोपचा दोष नसतो. अंतर बदललं की नेमही पुन्हा बघावा लागतो.

शेवटी घ्यावा कोणता आणि परत कधी करावा?

एअर रायफलने कागदावर सराव करणाऱ्याला साधा ४×३२ पुरतो. मात्र तो स्प्रिंग रायफलसाठी बनवलेला आणि कमी अंतराला पॅरलॅक्स जुळणारा हवा. 'हंटिंग', 'टॅक्टिकल', लाल-हिरवा दिवा, लांबलचक पट यांवर पैसे घालण्यापेक्षा ते चांगल्या माउंटवर आणि एकाच जातीच्या छर्र्यांवर घालावेत.

तिसरी परीक्षा, म्हणजे क्लिकची मोजणी, स्कोप आला त्याच दिवशी घरात करता येते. लांब अंतर नसेल तर १० मीटरवरही जमते, तिथे ४० क्लिक म्हणजे २.९ सेंटीमीटर. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करायची, बस. ऑनलाइन खरेदीत माल परत करायची मुदत थोडी असते आणि अनेक जण ती स्कोपची काच पुसण्यात घालवतात. रेषा जागेवर परतत नसतील, डोकं हलवल्यावर ठिपका सोडून पळत असतील किंवा चकती फिरवताना क्लिक जाणवतच नसेल, तर त्याच मुदतीत खोकं बंद करून स्कोप परत पाठवावा.